लॅटिना स्त्रियांची वेतनदरी

लॅटिना स्त्रियांची वेतनदरी : अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत लॅटिन अमेरिकी वंशाच्या स्त्रियांची कमाई आणि गोऱ्या, बिगर-हिस्पॅनिक पुरुषांची कमाई यांतली तफावत. २०२३ च्या कमाईच्या सरकारी आकड्यांनुसार अशा पुरुषाच्या एका डॉलरमागे वर्षभर पूर्णवेळ राबणाऱ्या लॅटिना स्त्रीच्या हाती सुमारे ५८ सेंट पडतात. अर्धवेळ आणि हंगामी कामगार स्त्रिया मोजणीत धरल्या की हा आकडा ५१ सेंटांच्या आसपास उतरतो. त्यांना धरणेच रास्त आहे, कारण शेतमळ्यांत बारमाही काम फार थोड्या जणींना मिळते. सगळ्या लॅटिना मात्र एका पायरीवर नाहीत. होंडुरास, ग्वाटेमालाहून आलेल्या स्त्रियांची कमाई सर्वांत तुटपुंजी. क्यूबन किंवा अर्जेंटिनी वंशाच्या स्त्रिया त्यांच्या बऱ्याच पुढे आहेत.

समान कामाला समान वेतन देणारा कायदा अमेरिकेत १९६३ पासून आहे. पण तो एकाच आस्थापनेतल्या, जवळपास सारख्याच कामांची तुलना करतो. रात्री कार्यालयाच्या फरश्या पुसणारीला दुसऱ्या फरशी पुसणाऱ्याइतके मिळाले की कायद्याचे समाधान होते. ते कामच इतके स्वस्त का आणि त्यावर बहुतेक ठिकाणी याच स्त्रिया का, हे तो विचारत नाही. दरीचा मोठा भाग नेमका इथे आहे. शिक्षणाने ती कमी होते असेही फारसे नाही. पदवीधर लॅटिना स्त्रीही पदवीधर गोऱ्या पुरुषाच्या खूप मागे राहते.

या स्वस्ताईला इतिहास आहे. टेक्सासातल्या सॅन अँटोनिओ शहरात १९३० च्या दशकात पिकन (अक्रोडासारखे कवचफळ) सोलण्याचे काम मुख्यतः मेक्सिकन वंशाच्या स्त्रिया करत. कोंदट खोल्यांत बाकांवर दाटीवाटीने बसून हातांनी गर काढायचा. हवेत टरफलांची बारीक धूळ, वस्तीत क्षयाचा सुकाळ. मजुरी वजनावर : पौंडाला ६ ते ७ सेंट. आठवडाभर बोटे सोलवटून दोन-तीन डॉलर सुटत. जानेवारी १९३८ मध्ये पौंडामागे एक सेंट कापला गेला आणि सुमारे १२,००० कामगार बाहेर पडले. एमा तेनायुका ही २१ वर्षांची तरुणी त्यांची पुढारी होती. संप लवादाकडे गेला. त्याच वर्षी ताशी २५ सेंट किमान वेतनाचा केंद्रीय कायदा आला, आणि मालकांनी ते देण्याऐवजी यंत्रे आणली. पुढच्या काही वर्षांत हजारोंचे काम गेले.

याच १९३८ च्या कायद्याने शेतमजूर आणि घरकामगार यांना वगळले होते. दक्षिणेतले काळे मजूर प्रामुख्याने याच कामांत होते आणि तिथल्या राजकारण्यांना ते स्वस्तच हवे होते. नैऋत्येतल्या मेक्सिकन स्त्रियाही त्यात भरडल्या गेल्या. किमान वेतन शेतमजुरांपैकी काहींना १९६६ मध्ये आणि बहुतेक घरकामगारांना १९७४ मध्ये लागू झाले. शेतमजुरांच्या जादा तासांचा वाढीव दर केंद्रीय कायद्यात अजूनही नाही. १९६२ मध्ये सेझर चावेझ यांच्यासह शेतमजुरांची संघटना उभारणाऱ्या डोलोरेस वेर्ता यांची झुंज याच वगळणुकीशी होती.

नगावर मजुरीची पद्धत लॉस एंजलिसच्या शिवणकारखान्यांत परवापरवापर्यंत राजरोस चालली. एक कॉलर, एक बाही, एक लेबल, प्रत्येकाला काही सेंट. दिवसाची बेरीज किमान वेतनाला पुष्कळदा गाठतच नसे. कॅलिफोर्नियाने २०२१ मध्ये कायदा करून या उद्योगात ताशी वेतन बंधनकारक केले आणि बुडवलेल्या मजुरीची जबाबदारी माल बनवून घेणाऱ्या ब्रँडवरही टाकली. मात्र बुडालेल्या मजुरीसाठी तक्रार बहुधा कामगार स्त्रीलाच करावी लागते. कागदपत्रे नसलेल्या स्त्रीलाही किमान वेतनाचा हक्क आहे, पण हद्दपारीच्या भीतीने ती बहुधा गप्प बसते.