डबाबंद टोमॅटो आणि शिजवलेला लाल भोपळा : पोषणमूल्यांची तुलना

दोन्ही पदार्थांत ९३ ते ९५ टक्के पाणी असते, म्हणून उष्मांकात त्यांच्यात जवळपास फरक नाही. अमेरिकी कृषी खात्याच्या पोषणतालिकेनुसार रसासह डबाबंद केलेल्या १०० ग्रॅम टोमॅटोत सुमारे १७ किलोकॅलरी, तर पाण्यात उकडून निथळलेल्या तेवढ्याच भोपळ्यात सुमारे २० किलोकॅलरी असतात. प्रथिने दोन्हींत एक ग्रॅमपेक्षा कमी, लोह सुमारे ०.६ मिलिग्रॅम. तंतुमय घटक टोमॅटोत थोडे जास्त (१.९ ग्रॅम विरुद्ध १.१).

खरा फरक रंगद्रव्यांत आहे. भोपळ्याचा केशरी रंग कॅरोटिनांचा. शरीर त्यांपासून अ जीवनसत्त्व तयार करते. १०० ग्रॅम शिजवलेल्या भोपळ्यातून सुमारे २८८ मायक्रोग्रॅम अ जीवनसत्त्व मिळते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० मध्ये प्रौढ स्त्रीसाठी दिवसाला ८४० मायक्रोग्रॅम सुचवले आहे, म्हणजे भाजीच्या एका वाटीत त्याचा तिसरा हिस्सा येतो. टोमॅटोत हेच प्रमाण जेमतेम २० आहे. त्याचा लाल रंग लायकोपिनचा, आणि लायकोपिनपासून अ जीवनसत्त्व बनत नाही. उष्णतेने टोमॅटोच्या पेशी फुटून लायकोपिन मोकळे होते, म्हणून कच्च्यापेक्षा शिजवलेल्या किंवा डबाबंद टोमॅटोतून ते अधिक चांगले शोषले जाते. क जीवनसत्त्वात टोमॅटो पुढे आहे (सुमारे १२ मिलिग्रॅम विरुद्ध ५). त्याचा काही भाग डब्यातल्या रसात उतरतो, तेव्हा रस ओतून देऊ नये.

डबाबंद टोमॅटोचा कमकुवत दुवा म्हणजे मीठ. मीठ घातलेल्या प्रकारात १०० ग्रॅममागे सुमारे ११५ मिलिग्रॅम सोडियम असते, बिनमिठाच्या प्रकारात १० च्या आसपास. म्हणजे ४०० ग्रॅमच्या मीठवाल्या डब्यात सुमारे १.२ ग्रॅम मीठ आधीच पडलेले असते, आणि जागतिक आरोग्य संघटनेची दिवसाची मर्यादा ५ ग्रॅम आहे. उच्च रक्तदाब असलेल्यांनी लेबलावरचा सोडियमचा आकडा वाचावा. सॉसला मीठ घालायचे ते शेवटी, चव घेऊन. भोपळ्यात सोडियम नगण्य, पण पोटॅशियम १०० ग्रॅमला सुमारे २३० मिलिग्रॅम आहे. टोमॅटोतही ते १९० च्या घरात असल्याने मूत्रपिंडाच्या रुग्णांनी दोन्हींचे प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.

डबाबंद टोमॅटो घ्यावा की भोपळा, असा निवड करण्याचा प्रश्न पुण्यात क्वचितच खरा ठरतो. जिल्ह्यातल्या नारायणगावचा टोमॅटो बाजार प्रसिद्ध आहे, आणि मंडईत भोपळा फोडींवर मिळतो. सार, आमटी, रस्सा यांना ताजा टोमॅटोच चांगला. डबा पास्त्याच्या किंवा पिझ्झाच्या सॉसला सोयीचा. फोड घेताना गर गडद केशरी आहे का ते पाहावे, फिकट गरात कॅरोटिन कमी असते.

भोपळा भरपूर पाण्यात उकडून ते पाणी ओतून दिले, की क जीवनसत्त्व आणि पोटॅशियम त्याबरोबर जातात. त्यापेक्षा दीड इंची फोडी चमचाभर तेलात मेथीदाणे-हिंगाची फोडणी करून परताव्यात, झाकणावर पाणी ठेवून मंद आचेवर १० ते १२ मिनिटे शिजवाव्यात. कॅरोटिन आणि लायकोपिन दोन्ही स्निग्ध पदार्थांत विरघळतात. अगदी तेल टाळणाऱ्यांच्या पोटात त्यांचा बराच भाग न शोषता जातो. दह्यातल्या भरितावरची फोडणी म्हणूनच टाळू नये. घाऱ्यांची गोष्ट वेगळी : गूळ आणि तळणीमुळे १०० ग्रॅमला २० किलोकॅलरी हा हिशोब तिथे लागू होत नाही.

डबा उघडल्यावर उरलेला टोमॅटो त्यातच ठेवू नये. आम्ल आणि हवा मिळून आतला धातू विरघळू लागतो, चव बिघडते. काचेच्या बरणीत काढून फ्रिजमध्ये ठेवावा आणि तीन-चार दिवसांत संपवावा. फुगलेला, गळणारा किंवा शिवणीवर चेपलेला डबा चाखूनही पाहू नये. भोपळा टोमॅटोइतका आंबट नसतो, त्यामुळे घरी साध्या उकळत्या पाण्यात बरण्या बुडवून तो टिकवू पाहणे धोक्याचे आहे. बोटुलिझम या जीवघेण्या अन्नविषबाधेचे जंतुबीज त्या तापमानाला मरत नाहीत. फोडी वाफवून गोठवणे हा सुरक्षित मार्ग आहे.