पावतीवरची शाई उडत नाही, कारण ती मुळात नसतेच

गेल्या मे महिन्यात आमचे दाजी निफाडहून तणतणतच घरी आले. पाणी प्यायच्या आधी त्यांनी टेबलावर दोन कागद आपटले.

"मास्तर, आता ह्याला काय म्हणायचं?"

पहिला कागद पांढराफटक. दहा महिन्यांपूर्वी घेतलेल्या बॅटरीवरच्या फवारणी पंपाचं ते बिल होतं. पंप बंद पडला, वॉरंटी वर्षाची, म्हणून पिकअपच्या कप्प्यात आरसी बुकाबरोबर प्लास्टिकच्या पाकिटात जपून ठेवलेलं बिल बाहेर काढलं, तर त्यावर अक्षर नाही. दुकानातला पोरगा म्हणाला, "काका, शाई उडाली. कोऱ्या कागदावर वॉरंटी कशी देऊ?" दुसरा कागद टोलची पावती. ती डॅशबोर्डवर काचेखाली पडून होती आणि काळीठिक्कर झाली होती. तिच्यावरही काही वाचता येत नव्हतं.

एकाच गाडीतले, एकाच जातीचे दोन कागद. एक पांढरा होऊन गेला, दुसरा काळा होऊन. दाजींचा निष्कर्ष तयारच होता: दुकानदार मुद्दाम उडणारी शाई वापरतात. तसा मजकूर त्यांना मोबाइलवर कुणीतरी पाठवलाही होता.

शाळेत आपण इनपुट आणि आउटपुट साधनांची यादी पाठ करतो. कीबोर्ड, माउस, स्कॅनर एका रकान्यात. मॉनिटर, प्रिंटर, स्पीकर दुसऱ्या रकान्यात. परीक्षेत जोड्या लावल्या की विषय संपला. त्यामुळे संगणक म्हटलं की टेबलावरचा डबाच डोळ्यांसमोर येतो. खरं तर लासलगाव किंवा पिंपळगावच्या बाजार समितीत कांद्याची ट्रॉली भुईकाट्यावर चढते, तेव्हा अख्खा भुईकाटाच इनपुट साधन असतो. त्याच्या पोटात धातूचे भक्कम ठोकळे असतात, त्यांना लोड सेल म्हणतात. वजनाने ठोकळा डोळ्याला न दिसण्याइतका दबतो. त्यावर चिकटवलेली बारीक तार त्याबरोबर ताणली किंवा आखडली जाते, तारेचा विद्युतरोध बदलतो आणि काही मिलिव्होल्टचा फरक पडतो. कित्येक टनांचा माल आणि त्याची खबर देणारे मिलिव्होल्ट! भरल्या ट्रॉलीचं वजन, खळ्यावर माल उतरवून रिकाम्या ट्रॉलीचं वजन, वजाबाकी, की पावती बाहेर.

बऱ्याच काट्यांवर ती पावती अजून कर्रर्र आवाज करणाऱ्या डॉट मॅट्रिक्स प्रिंटरमधून येते. लोक त्याला जुनाट म्हणून हसतात. हसू नये. त्यातल्या सुया शाईच्या रिबनवर ठोके मारतात, त्या ठोक्याने खालच्या कार्बन प्रतीवरही अक्षर उमटतं, आणि ती शाई खरी असते. दाजींच्या घरी अशा जुन्या काटापावत्यांचा गठ्ठा आहे. उंदरांनी कडा खाल्ल्या, पण आकडे शाबूत.

कोरं झालेलं बिल मात्र दुसऱ्या जातीचं आहे. औषधाच्या दुकानातलं बिल, पेट्रोल पंपावरची पावती, एटीएमची चिठ्ठी, एसटीच्या कंडक्टरच्या हातातल्या मशीनमधून येणारं तिकीट, हे सगळं थर्मल प्रिंटरचं काम. (पूर्वीच्या पेटीतल्या रंगीत तिकिटांना चिमट्याने भोक पडायचं. भोक काही उडून जात नसे, एवढं त्या पद्धतीच्या बाजूने बोललंच पाहिजे.) या प्रिंटरमध्ये शाई नाही, रिबन नाही, टोनर नाही. असतो फक्त कागदाचा रोल आणि तापणारी पट्टी.

ही पट्टी चिनी मातीच्या जातीच्या पदार्थाची असते. तिच्यावर एका ओळीत इवले इवले हीटर बसवलेले असतात, एका मिलिमीटरमध्ये ८. नेहमीचा लहान रोल ५८ मिलिमीटर रुंद असतो आणि त्यातल्या ४८ मिलिमीटरवर छपाई होते. म्हणजे ४८ गुणिले ८, एकूण ३८४ हीटर. कागद रबराच्या रुळाखालून सरकतो आणि संगणक ठरवतो, या ओळीला कुठले हीटर पेटवायचे आणि कुठले थंड ठेवायचे. सेकंदाला ५० मिलिमीटर कागद सरकत असेल, तर सेकंदात ४०० ओळी झाल्या. म्हणजे एका ओळीच्या वाट्याला आले अडीच मिलिसेकंद. तेवढ्यात हीटरने तापायचं, टिंब उमटवायचं आणि पुढच्या ओळीआधी निवायचंही, नाहीतर अक्षराला शेपूट फुटतं. बिलावर वरपासून खालपर्यंत एक बारीक पांढरी रेघ सलग दिसली, तर समजा त्या ३८४ पैकी एक हीटर मेला किंवा त्यावर घाण बसली. स्पिरिटच्या बोळ्याने पट्टी पुसून पाहावी. रेघ गेली तर घाण होती, राहिली तर पट्टी बदलायची.

अशी छपाईची पट्टी घडवण्यात जॅक किल्बी यांचा मोठा वाटा होता. इंटिग्रेटेड सर्किट बनवणारे, २००० साली भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालेले, तेच किल्बी. चिपसाठी त्यांचं नाव पाठ्यपुस्तकात येतं. किराणा दुकानातल्या बिलाशी त्यांचं नातं आहे हे कुणी सांगत नाही.

पण हीटर नुसता तापतो. काळा रंग येतो कुठून? इथे माझी आवडती गोष्ट सुरू होते.

तो रंग कागदातच असतो, फक्त दिसत नाही. थर्मल कागदाच्या एका बाजूला पातळ लेप असतो. त्यात दोन मुख्य पदार्थांचे मैद्याहून बारीक कण शेजारी शेजारी, पण वेगवेगळे बसलेले असतात. एक रंगद्रव्य, पण रंगहीन अवस्थेतलं. त्याला ल्युको रंग म्हणतात. दुसरा सौम्य आम्ल, त्याला डेव्हलपर म्हणू. दोघेही घन, त्यामुळे मांडीला मांडी लावून बसले तरी बोलणं नाही. हीटरचा चटका बसला की कण वितळतात, मिसळतात, आणि आम्ल रंगद्रव्याला भिडतं. त्या टिंबापुरता कागद काळा होतो. पुढच्या क्षणी मिश्रण थिजतं आणि टिंब तिथेच राहतं.

आम्ल भिडल्यावर नेमकं काय होतं? शाळेतलं फिनॉल्फ्थॅलीन आठवा. साबणाच्या पाण्यात थेंब टाकला की गुलाबी, लिंबू पिळलं की पुन्हा रंगहीन. या कागदांचा एक मूळपुरुष, क्रिस्टल व्हायोलेट लॅक्टोन, त्याच घराण्यातला. फरक इतकाच की फिनॉल्फ्थॅलीनला अल्क खुलवतं आणि याला आम्ल. रेणूच्या मध्यभागी एक कार्बन असतो आणि त्याला तीन चपटी कडी जोडलेली असतात. कडं म्हणजे सहा कार्बनचं बेन्झीनचं वलय. रंगहीन अवस्थेत मधल्या कार्बनला चौथा हातही असतो, ऑक्सिजनशी बांधलेला. त्या बांधणीने लॅक्टोन नावाचं एक छोटं वलय बंद झालेलं असतं. चार हात चार दिशांना गेल्यामुळे मधला कार्बन चपटा राहत नाही, आणि तीन कड्यांतले इलेक्ट्रॉन आपापल्या कड्यात अडकून पडतात. जुन्या नाशकातल्या वाड्यांचे तीन चौक समजा, मधलं दार लावलेलं. प्रत्येक चौकातली पोरं आपल्याच चौकात खेळणार. आम्लाने त्या ऑक्सिजनची पकड सुटली की वलय उघडतं, मधला कार्बन चपटा होतो, दार उघडतं आणि पोरं तिन्ही चौकांतून धावू लागतात.

आता हे का महत्त्वाचं? इलेक्ट्रॉनला फिरायला जागा लहान असेल, तर त्याला वरच्या पायरीवर चढायला जास्त ऊर्जेचा प्रकाश लागतो. तो असतो अतिनील, आपल्याला न दिसणारा. दिसणारा प्रकाश जसाच्या तसा परत येतो, म्हणून कागद पांढरा. जागा वाढली की पायऱ्या जवळ येतात. तार लांब केली की सूर खाली उतरतो, तसंच. मग दृश्य प्रकाशातला काही भाग गिळला जातो, आणि जो भाग गिळला गेला नाही तो रंग म्हणून दिसतो. क्रिस्टल व्हायोलेट लॅक्टोन निळं-जांभळं दिसतं. बिलांवरचा काळा रंग देणारी द्रव्यं फ्लुओरान नावाच्या चुलत घराण्यातली आहेत, पण दार उघडण्याची युक्ती तीच. इथे डोकं गरगरलं असेल तर एवढंच लक्षात ठेवा: दार उघडं तर काळा, बंद तर पांढरा.

रंगद्रव्याला आम्ल-अल्काने रंग बदलायला लावणं आपल्या घरात नवं नाही. हळदीत चुना कालवला की ती लाल होते, कुंकू त्यातूनच बनवत आले. हळदीच्या हातावर चुन्याचं पाणी शिंपडून "रक्त" काढणारे आणि त्यावर करणी उतरवण्याचे पैसे घेणारे बाबाही याच रसायनशास्त्रावर पोट भरतात. अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते हा प्रयोग शाळाशाळांतून करून दाखवतात. पोरं टाळ्या वाजवतात आणि घरी जाऊन दसऱ्याला कीबोर्डवर हळद-कुंकू वाहतात. पूजेला माझी ना नाही, पण दसऱ्यानंतर "मास्तर, बटण अडकतंय" म्हणून माझ्याकडे आणू नका. कुंकवाची पूड काढून काढून माझी नखं लाल झाली आहेत.

तर दाजींचे दोन कागद. टोलची पावती मेच्या उन्हात, बंद गाडीच्या डॅशबोर्डवर होती. अशा ठिकाणी तापमान ७० अंशांच्या आसपास जाऊ शकतं. तेवढ्याने बहुतेक थर्मल कागद रंग धरू लागतात. म्हणजे जे काम हीटर टिंबाटिंबाने करतो, ते सूर्याने सरसकट केलं. अक्षरं गेली नाहीत; बाकीचा कागदही अक्षरांइतकाच काळा झाला.

बिलाचं उलट झालं. ते कप्प्याच्या सावलीत होतं, पण प्लास्टिकच्या पाकिटात. पीव्हीसी मुळात कडक असतं. त्याला पाकिटासारखं लवचीक करायला तेलकट द्रव्यं मिसळतात आणि ती हळूहळू बाहेर झिरपतात. नव्या पाकिटाला जो वास येतो ना, त्यात त्यांचाही वाटा असतो. ही द्रव्यं लेपात शिरली की रंगद्रव्य आणि आम्ल यांची जोडी फुटते. आम्ल दूर झालं की वलय पुन्हा मिटतं, दार बंद, अक्षर पांढरं. म्हणजे दाजींनी जितकं जपलं तितकं ते लवकर गेलं. तेलकट हात, हँड क्रीम, चिकटपट्टीचा गोंद हेही असंच करू शकतात, आणि थेट ऊन वेगळ्या रीतीने रंगद्रव्यच खराब करतं. दुकानदाराची लबाडी यात नाही. तो स्वस्तातला रोल घेतो, एवढाच काय तो दोष.

खात्री करायची असेल तर घरातलं कुठलंही असं बिल घ्या आणि गुळगुळीत बाजूवर नखाने जोरात रेघ ओढा. घर्षणाच्या उष्णतेने काळी रेघ उमटते. मागच्या बाजूवर काही होणार नाही. हँड सॅनिटायझरचा थेंब टाकलात तर बहुतेक कागदांवर काळा डाग पडतो, कारण अल्कोहोल दोन्ही पदार्थांना विरघळवून एकत्र आणतं, उष्णतेशिवाय. हे प्रयोग कामाच्या बिलावर करू नयेत, हे सांगायची गरज पडू नये, पण पडते.

पंपाचं बिल गेलं तर नुकसान पैशांचं. ईसीजीची पट्टी गेली तर? छातीला आणि हातापायांना लावलेले इलेक्ट्रोड हे इनपुट, आणि हृदयाची ती चढउताराची रेघ छापणारं मशीन बहुतेक वेळा थर्मलच. सोनोग्राफीचा तो गुळगुळीत काळा-पांढरा फोटोही बऱ्याचदा त्याच जातीचा. आणि आपण काय करतो? दवाखान्याची फाइल घेतो आणि हे सगळं तिच्यातल्या प्लास्टिकच्या कप्प्यात सरकवतो. तुलना करायला डॉक्टरांनी आईच्या जुन्या ईसीजीची पट्टी मागितली, तेव्हा माझ्याकडे चौकटीचा छापील कागद होता आणि रेघ जवळपास नव्हती. तेव्हापासून घरात नियम आहे, आधी झेरॉक्स. झेरॉक्सची काळी पूड कागदावर भाजून चिकटवलेली असते, ती कुठे जात नाही.

आता दुसऱ्या टोकाचे संदेश, "बिलाला हात लावाल तर कॅन्सर". अनेक कागदांत डेव्हलपर म्हणून बिस्फेनॉल ए वापरलं जात होतं, आणि ते शरीरातल्या संप्रेरकांच्या कामात ढवळाढवळ करू शकतं, हे खरं. युरोपीय संघाने २०२० पासून थर्मल कागदातलं त्याचं प्रमाण वजनाच्या ०.०२ टक्क्यांच्या आत ठेवायला लावलं आहे. काळजीचा विषय दिवसभर शेकडो बिलं फाडणाऱ्या काउंटरवरच्या माणसाचा आहे. तुम्ही महिन्यात वीस बिलं खिशात घालता, तुम्ही भजी त्या कागदावर ठेवून खाऊ नका म्हणजे झालं.

गंमत म्हणजे हे सगळं नाशकात घडतंय. इथल्या नाशिकरोडच्या करन्सी नोट प्रेसमध्ये १९२८ पासून नोटा छापल्या जातात. कापसाच्या धाग्यांचा कागद, बोटाला जाणवणारी उठावाची छपाई, घामाच्या खिशात आणि मासळीच्या बाजारात वर्षानुवर्षं फिरूनही आकडा वाचता येतो. त्याच नोटा देऊन घेतलेल्या वस्तूचं बिल एक उन्हाळा काढत नाही.

दाजींना मी हे सगळं दारा-चौकांसकट सांगितलं. ते चहा संपेपर्यंत ऐकत होते. मग म्हणाले, "ते ठीक आहे मास्तर, पंपाचं काय?"

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं दुकानात गेलो. बिलाची नोंद दुकानाच्या संगणकात असणारच, असं मालकाला म्हटलं. त्यांनी दाजींचा मोबाइल नंबर टाकला, तारीख सापडली, आणि छोट्या प्रिंटरने खरखर करत दुसरी प्रत बाहेर काढली. कागद अजून कोमट होता. दाजींनी त्याची नीट घडी घातली आणि सदऱ्याच्या खिशात ठेवली, चुन्याच्या डबीशेजारी.