चहासारखी लघवी आणि बासुंदीचं गणित

परवा सकाळी सकाळी मावशीचा फोन, "अरे लघवी पार कोऱ्या चहासारखी झालीय, किडनी गेली का रे माझी?" उन्हाळी लागली म्हणून आधी चार दिवस धण्याचं पाणी, सब्जा सगळं झालं, जळजळ काही थांबेना, मग डॉक्टरांनी नायट्रोफ्युरँटॉइन ही लघवीच्या इन्फेक्शनवरची अँटिबायोटिक गोळी दिली. म्हटलं मावशे, किडनी जागेवर आहे, तो रंग गोळीचाच.

1953 पासून बाजारात असलेली ही गोळी माझी फार लाडकी. रक्तात ती टिकतच नाही, तासाभराच्या आत निम्मी. रक्तात दर मिलीला 1 मायक्रोग्रॅमसुद्धा भरत नाही, लघवीत मात्र 50 ते 250! हे कसं? तर किडनी दिवसाला साधारण 180 लिटर पाणी गाळते आणि त्यातलं दीड-दोन लिटरच बाहेर सोडते, बाकीचं परत रक्तात. पाणी गेलं, औषध बरंचसं मागे राहिलं, म्हणजे दूध आटवून बासुंदी करतो तसंच. त्यात नेफ्रॉनच्या (किडनीतल्या बारीक गाळणीच्या) नळीतल्या पेशी रक्तातलं उरलेलं औषधही पंपासारखं ओढून नळीत टाकतात. (एवढा कारखाना फुकटात चालू असताना लोक 'किडनी डिटॉक्स' ज्यूसला पैसे का मोजतात देव जाणे.)

आता गंमत म्हणजे मूत्राशयात ई. कोलायची (असं इन्फेक्शन करणारा नेहमीचा जंतू) स्वतःचीच एन्झाइम्स, नायट्रोरिडक्टेज, या औषधाला इलेक्ट्रॉन देऊन त्याचं विष बनवतात, मग ते जंतूचा डीएनए, प्रथिनं बनवणारे रायबोसोम, दिसेल त्याला झोडपतं, एकाच वेळी इतक्या ठिकाणी मार बसतो म्हणून जंतूंना रेझिस्टन्स आणणं जड जातं.

पण रक्तात न टिकता लघवीतच भरणं, हीच या गोळीची मर्यादा. थंडी वाजून ताप, कमरेच्या वर पाठीत दुखणं, म्हणजे इन्फेक्शन किडनीच्या मांसापर्यंत पोचलं असेल तर ही गोळी उपयोगाची नाही, कारण तिथे ती पुरेशी मुरतच नाही. आणि किडनी आधीच कमजोर असेल तर लघवीत भरत नाही, उलट रक्तात साठते. म्हणून शेजारणीची उरलेली स्ट्रिप घेऊ नका.

आणखी एक, हे औषध लघवी आम्लधर्मी असली की जोरात चालतं, अल्कधर्मी झाली की ढेपाळतं. मावशीला विचारलं, जळजळीवर अजून काय घेतेस? "ते मेडिकलवाल्याने दिलेलं गोड सिरप, अल्कलायझर की काय ते, दिवसातून तीनदा." म्हटलं, ते सिरप लघवी अल्कधर्मीच करतं, आधी डॉक्टरांना फोन लाव आणि हे सांग.