हेडलाइटची मोटर गेली, पण कोणती?

हेडलाइटला छोटे वायपर असलेल्या जुन्या मर्सिडीज आपल्याकडे एखाद्या जिनिंगवाल्याकडे किंवा कंत्राटदाराकडे अजूनही दिसतात. १९८४ साली आलेली डब्ल्यू १२४ त्यातलीच. "हेडलाइटची मोटर गेली" असं म्हणत अशी गाडी आली की आधी विचारावं लागतं, कोणती मोटर? काच साफ करायला तिथं दोन वेगवेगळ्या मोटरी असतात. एक वायपरची, प्रत्येक दिव्यामागे एकेक. दुसरी वॉशर पंपाची, पाण्याच्या बाटलीच्या बुडाशी रबरात दाबून बसवलेली. दोन्ही बारा व्होल्टच्या, दोन्ही स्टिअरिंगजवळच्या दांडीच्या टोकाचं वॉशरचं बटण दाबल्यावर चालणाऱ्या, तीही बहुतेक गाड्यांत हेडलाइट लागलेले असतील तरच. त्यामुळे कोणतीही बंद पडली तरी समोरून दिसते ती मळकी काचच.

मग वायपर मोटर महागडी, मिळायला कठीण, तरी तीच आधी मागवली जाते. माझं मत उलटं आहे: आधी पंप बघा.

तपासायला मीटरही लागत नाही. इंजन बंद, चावी ऑन, हेडलाइट सुरू. आत एकाला बसवायचं आणि सांगायचं, "भाऊ, बटण दाबून धरा, सोडू नका." आपण बंपरपाशी कान लावायचा. बाटलीकडून बारीक, सरळ 'झूंऽऽ' ऐकू आलं तर पंप फिरतो आहे. दिव्याकडून जड, घोगरा आवाज येऊन आर्म (ब्लेड धरणारा हात) हलला तर वायपर जिवंत आहे. दोन्हीकडे शांतता असेल तर मोटरीला हात लावू नका, फ्यूज आणि रिले (मोटरीला वीज सोडणारा स्विच) बघा. दोन मोटरी एकाच दिवशी मरत नसतात. एकाच बाजूचा वायपर बंद असेल, तर मात्र फ्यूज-रिलेवर वेळ घालवण्यात अर्थ नाही. त्या बाजूची मोटर, तिचं कनेक्शन किंवा अर्थिंग.

पंप फिरतो पण पाणी येत नाही, हा प्रकार आपल्या भागात फार. बोअरचं जड पाणी बाटलीत भरतात, त्याचा चुना नोझलच्या, म्हणजे फवारा सोडणाऱ्या तोंडाच्या, बारीक भोकात बसतो. पंपाच्या तोंडाशी जाळी असते, तीही शेवाळ-गाळानं भरते. नोझलमध्ये बारीक तार घालून भोक मोकळं करा, जाळी धुवा, बाटली स्वच्छ करून गाळलेलं, शक्यतो आरओचं पाणी भरा. बाटली कोरडी असताना बटण दाबत राहिलं की पंप जळतो, कारण पाणीच त्याला थंड ठेवतं. पंप बदलणं तसं सोपं: जुना ओढून काढा, रबराची कड फाटली असेल तर तेही नवं घाला, नवा पंप ओल्या हातानं दाबा. तारा उलट लागल्या तर पंप उलटा फिरतो आणि पाणी नुसतं ओघळतं. तेवढ्यावरून नव्या पंपाला खराब ठरवू नका.

वायपर मोटरचं दुखणं वेगळंच. आत वर्म गिअर (स्क्रूसारखा दांडा आणि त्यावर फिरणारी गरारी) आहे, आर्म इकडून तिकडे नेणारा जोड आहे आणि शेवटी आर्मला जागेवर आणून थांबवणारा पार्किंग कॉन्टॅक्ट आहे. बटण सोडल्यावर आर्म काचेच्या मधोमध अडकत असेल, तर संशय त्या कॉन्टॅक्टवर घ्यायचा. शाफ्टच्या सीलमधून पाणी शिरतं, तांब्यावर हिरवट थर चढतो आणि जुनं ग्रीस मेणासारखं घट्ट होतं. वणी-घुग्घुसच्या कोळसा खाणींच्या बाजूला कोळशाची भुकटी, सोयाबीनच्या हंगामात थ्रेशरचा भुसा, तेही त्या सीलपाशी जमतं. अडकलेला आर्म हातानं फिरवायचा मोह होतो. तसं केलं तर आतली गरारी दात सोडते. आर्मेचर (मोटरीचा तार गुंडाळलेला, फिरणारा भाग) जळालं नसेल आणि त्याला वीज पोचवणारे कार्बन शिल्लक असतील, तर उघडून, पुसून, नवं ग्रीस भरून ती मोटर बरेचदा चालते. नवी घेण्याआधी हे करून बघावं.

बदलायचीच झाली तर क्रम महत्त्वाचा. ब्लेड कुठं थांबतो तिथं काचेवर टेपची खूण करा. आर्मवरची टोपी, मग नट, मग पाण्याची नळी काढा. दातेरी शाफ्टवर आर्म गंजानं चिकटलेला असतो. तिथं हातोडी नको, छोटा पुलर लावा. ठोकलं तर मार थेट गरारीवर बसतो. नवी मोटर जागेवर बसवून प्लग जोडला की आर्म न लावताच एकदा चालवा. ती स्वतःच्या पार्किंगला येऊन थांबली की मगच आर्म खुणेवर बसवून नट आवळा. आधी आर्म घातला तर पहिल्याच फेरीत ब्लेड चौकटीवर आदळतो. डावी-उजवी मोटर दिसायला सारखी असली तरी पार्किंगची बाजू वेगळी असू शकते, म्हणून मागवताना पार्ट नंबर सांगा.

पंप आधी बघा म्हणण्याचं खरं कारण हे, की पाण्याशिवाय वायपर चालला तर तो काच पुसत नाही, घासतो. ही व्यवस्था निघाली थंड देशांतल्या रस्त्यावरच्या चिखल-बर्फासाठी. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला स्वीडनच्या साब या गाडी कंपनीनं ती गाड्यांवर आणली. तिथं काच सहसा ओली असते. आपल्याकडे उन्हाळ्यात तिच्यावर कोरडी धूळ बसते. पंप मेला आणि वायपर ठणठणीत असेल, तर पंप येईपर्यंत वायपरचा प्लग काढून ठेवा.

एक गोष्ट मात्र दोन्ही मोटरींच्या आधी बघायची. जुना दिवा फुटून कुणी स्वस्तातला प्लास्टिक काचेचा दिवा बसवला आहे का, नखानं टिचकी मारून बघा; खऱ्या काचेचा आवाज लगेच कळतो. प्लास्टिकवर वायपर चालवला की ते ओरखड्यांनी पांढुरकं होतं. नंतरच्या काळातल्या गाड्यांत वायपर जाऊन नुसते जोराचे फवारे आले, त्यामागे हे मोठं कारण. अशा दिव्यावर आर्मच काढून टाका, शाफ्टवर रबरी टोपी घाला आणि नोझल स्वतंत्रपणे काचेकडे वळवून बसवा.