टेक्सासमध्ये अपील न्यायालयाच्या न्यायमूर्तिपदासाठी उभं राहायचंय? पात्रता, अर्ज, सह्या आणि मुदत

आपल्याकडे न्यायमूर्ती नेमले जातात, टेक्सासमध्ये ते उभे राहतात. उमेदवारी अर्ज, शुल्क, सह्या, छाननी, प्रचार, मतदान असं सगळं नगरसेवकासारखंच. १८७६ च्या राज्यघटनेपासून तिथले न्यायाधीश मतदारांनी निवडायची पद्धत चालू आहे. डॅलस-ह्यूस्टनकडच्या मराठी घरांमधली अमेरिकेत जन्मलेली किंवा वाढलेली मुलं आता तिथल्या लॉ स्कूलमधून बाहेर पडून वकिली करतायत. त्यामुळे ‘आमच्या पुतणीला पुढेमागे जज व्हायचं असेल तर काय करावं लागतं?’ हा प्रश्न आता कानावर येऊ लागलाय. त्याचं हे उत्तर. जिल्हा न्यायालयासाठीचे नियम थोडे वेगळे आहेत, म्हणून इथे फक्त अपील न्यायालयाबद्दल.

आधी ही न्यायालयं कोणती ते. टेक्सासमध्ये मधल्या पायरीची १५ अपील न्यायालयं आहेत. खालच्या न्यायालयांतली दिवाणी आणि फौजदारी दोन्ही अपिलं इथे येतात. फाशीची शिक्षा झालेली प्रकरणं तेवढी थेट वरच्या फौजदारी अपील न्यायालयात जातात. पहिलं आणि चौदावं अशी दोन न्यायालयं ह्यूस्टनमध्येच, एकाच १९१० साली बांधलेल्या जुन्या कोर्टाच्या इमारतीत बसतात. दोघांचा इलाखाही तोच, १० काउंट्यांचा (काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा), आणि प्रत्येकी नऊ न्यायमूर्ती. डॅलसच्या पाचव्या न्यायालयात १३ आहेत. पंधरावं न्यायालय अगदी नवं. १ सप्टेंबर २०२४ ला ते ऑस्टिनमध्ये सुरू झालं आणि त्याचा इलाखा म्हणजे सबंध राज्य. त्याचे पहिले तीन न्यायमूर्ती गव्हर्नरांनी नेमले.

इथे साक्षीदार नाही, ज्युरी नाही. खालच्या कोर्टाचे कागद वाचायचे, दोन्ही बाजूंचे लेखी युक्तिवाद वाचायचे, तिघांच्या पीठाने निकाल लिहायचा. पुष्कळ प्रकरणांत तोंडी युक्तिवाद होतच नाही. ज्याला कोर्टात उभं राहून बोलायला आवडतं त्याला हे काम रुक्ष वाटेल. ज्याला वाचायला आणि लिहायला आवडतं त्याच्यासाठी मात्र हे सोन्यासारखं पद आहे. मुदत सहा वर्षांची.

पात्रता

वय किमान ३५. अमेरिकेचं नागरिकत्व, टेक्सासमध्ये वास्तव्य आणि टेक्सासची वकिलीची सनद. वकील म्हणून किंवा न्यायाधीश म्हणून किमान १० वर्षांचा अनुभव, दोन्ही मिळून १० झाली तरी चालतात. या काळात सनद रद्द किंवा निलंबित झालेली नसावी. २०२१ साली मतदारांनी घटनादुरुस्ती मंजूर करून हा भाग आणखी कडक केला. गंमत म्हणजे आपल्या राज्यघटनेच्या कलम २१७ मध्येही उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तीसाठी १० वर्षांचीच अट आहे. तेवढं एक साम्य, पुढे वाटा वेगळ्या.

त्याशिवाय निवडणूक कायद्याच्या अटी आहेतच: अर्जाच्या शेवटच्या तारखेआधी सलग १२ महिने राज्यात आणि सहा महिने त्या न्यायालयाच्या इलाख्यात राहिलेलं असावं, तिथल्या मतदार यादीत नाव असावं, गंभीर गुन्ह्यात अंतिम शिक्षा झालेली नसावी.

आपल्या लोकांचे नेहमीचे प्रश्न इथेच निकालात काढू. ग्रीन कार्डावर उभं राहता येत नाही, एच-वन-बीचा तर प्रश्नच नाही. जन्माने अमेरिकन असण्याची अट मात्र नाही (ती राष्ट्राध्यक्षाला लागते), नंतर नागरिकत्व घेतलेलं चालतं. ते घेतलं की भारतीय नागरिकत्व जातं. परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांचं ओसीआय कार्ड हातात राहिलं तरी त्याचा इथे ना फायदा ना अडचण. पुण्या-मुंबईची एलएलबी असेल तर ती एकटी पुरत नाही. अमेरिकेतली एलएलएम आणि काही अटी पूर्ण करून टेक्सासच्या बार परीक्षेला, म्हणजे सनदेच्या परीक्षेला, बसायची वाट आहे, पण १० वर्षांचं घड्याळ तिथून पुढे चालू होतं, हे धरून हिशोब करा.

अर्ज कुणाकडे?

आपल्याकडचा माणूस हमखास अडखळतो तो इथे. अर्ज निवडणूक अधिकाऱ्याकडे नाही, पक्षाच्या राज्याध्यक्षाकडे जातो. त्यावरून वाटतं की आधी पक्षाकडून तिकीट आणावं लागत असणार. तर नाही. एबी फॉर्म नावाचा प्रकारच नाही. पात्रता पूर्ण आहे, कागद बरोबर आहेत, तर पक्षाला आवडो न आवडो, नाव प्राथमिक निवडणुकीच्या, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या मतदानाच्या, मतपत्रिकेवर येतं. तिकीट देतात ते मतदार, आणि तेही मार्चमध्ये.

प्रत्येक जागेला क्रमांक असतो. ‘पहिलं अपील न्यायालय, जागा क्रमांक अमुक’ असं नेमकं लिहावं लागतं. त्यामुळे कुणाविरुद्ध उभं राहायचं हे अर्ज भरतानाच ठरतं. मुरलेले लोक शेवटच्या दिवसापर्यंत कोण कुठे भरतंय हे बघत बसतात ते याचसाठी.

मुदत: विषम वर्षाच्या डिसेंबरातला दुसरा सोमवार, संध्याकाळी ६. त्याआधी ३० दिवस खिडकी उघडी असते. २०२६ च्या निवडणुकीसाठी ती ८ नोव्हेंबर ते ८ डिसेंबर २०२५ अशी होती. ३ मार्च २०२६ ला प्राथमिक फेरी, निम्म्याहून जास्त मतं कुणालाच नसतील तर २६ मे ला पहिल्या दोघांत पुन्हा लढत, आणि ३ नोव्हेंबरला मुख्य मतदान.

कागदपत्रं

मूळ अर्ज नोटरीसमोर शपथेवर सही केलेला हवा. न्यायालयीन पदांच्या अर्जाला एक जास्तीचा भाग जोडलेला असतो: जिथे जिथे सनद आहे तिथला बार क्रमांक, कधी जाहीर शिस्तभंगाची कारवाई झाली असेल तर ती, गेल्या पाच वर्षांत कोणत्या प्रकारची वकिली केली, कोर्टात उभं राहण्याचा अनुभव किती. अपिलाच्या पदासाठी याच पाच वर्षांत अपिलाचे किती लेखी युक्तिवाद तयार केले आणि किती तोंडी केले, तेही द्यायचं. हा भाग घाईत भरू नका. विरोधी उमेदवार तो वाचतोच.

शुल्क: इलाख्यात १० लाखांहून जास्त लोकसंख्येची काउंटी असेल (ह्यूस्टन, डॅलस, फोर्ट वर्थ, सॅन अँटोनिओ, ऑस्टिन) तर २,५०० डॉलर, नाहीतर १,८७५. ही अनामत नव्हे. भरपूर मतं पडली म्हणून परत मिळत नाही.

नावाचं एक. ज्ञानेश्वर किंवा मृण्मयी असं नाव मतपत्रिकेवर कसं दिसेल, या काळजीने लोक टोपणनाव टाकू बघतात. टाकता येतं, पण एकच शब्द, १० अक्षरांच्या आत, आणि किमान तीन वर्षं लोक त्याच नावाने ओळखतात असं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. घोषणेसारखं किंवा राजकीय-धार्मिक मत सुचवणारं नाव चालत नाही. माझं मत विचाराल तर आईबापांनी ठेवलेलं नाव ठेवा. काउंटीच्या पाट्यांवर याहून अवघड नावं लोक वाचतात.

सह्या: खरी परीक्षा

मोठ्या शहरांच्या त्या २,५०० डॉलरवाल्या जागांसाठी शुल्काबरोबर २५० मतदारांच्या सह्याही लागतात. शुल्क टाळून फक्त सह्यांवर अर्ज करता येतो, पण मग सह्या आणखी लागतात.

२५० म्हणजे काय मोठंसं, असं वाटेल. पण तो कागद जवळून बघा. प्रत्येक ओळीत सहीची तारीख, सही, छापील अक्षरांत नाव, राहता पत्ता, काउंटी, आणि जन्मतारीख किंवा मतदार क्रमांक. सही सोडून बाकीचे रकाने दुसऱ्या कुणी भरले तरी चालतात, पण ते भरलेले असलेच पाहिजेत. माणूस घाईत असतो, तारीख राहते. दहा काउंट्यांच्या इलाख्यात काउंटीचा रकाना रिकामा सोडला तर ती सही गेलीच म्हणून समजा. एकाच जागेच्या दोन उमेदवारांना सही दिली असेल तर नंतरची बाद.

आणि पानाच्या वरच्या बाजूला एक वाक्य छापलेलं असतं, ते सगळ्यात नडतं: या कागदावर सही केल्याने त्या निवडणुकीच्या वर्षी दुसऱ्या पक्षाच्या प्राथमिक निवडणुकीत मला मत देता येणार नाही, हे मला समजलं आहे. सह्या गोळा करणाऱ्याने हे वाक्य सहीआधी प्रत्येकाला वाचून दाखवायचं असतं, आणि तसं दाखवलं म्हणून नोटरीसमोर शपथ घ्यायची असते. सप्टेंबरात गणपतीच्या हॉलबाहेर क्लिपबोर्ड घेऊन उभं राहिलात, की मोदकाची डिश हातात धरलेला माणूस ते वाक्य ऐकून ‘जरा हिला विचारून येतो’ म्हणतो, तो आरती झाली तरी परत येत नाही. हॉलच्या आत, मंडळाच्या व्यासपीठावरून तर सह्या मागूच नका. करसवलत असलेल्या धर्मादाय मंडळाला कुणा उमेदवाराचा प्रचार करता येत नाही, तुमच्यापायी मंडळ अडचणीत यायचं.

माहीतगार लोक २५० च्या जागी ४०० जमवतात आणि महिनाभर आधीच अर्ज देतात. छाननीत काही निघालंच तर मुदतीच्या आत हालचालीला वेळ राहतो. सोमवारी सहा वाजून गेले की अडचण कोर्टात जाते. दरवेळी कुणा ना कुणाच्या सह्यांवर खटला होतोच, आणि भावी न्यायमूर्तीला स्वतःच पक्षकार म्हणून उभं राहावं लागतं.

पैसा

एकही डॉलर घेण्याआधी किंवा खर्च करण्याआधी प्रचाराच्या पैशावर देखरेख करणाऱ्या टेक्सास एथिक्स कमिशनकडे खजिनदाराच्या नेमणुकीचा फॉर्म द्यावा लागतो. न्यायालयीन उमेदवारांसाठी तो वेगळा आहे, नेहमीचा भरलात तर चुकला. देणग्या अर्जाच्या मुदतीआधी २१० दिवसांपासून निवडणुकीनंतर १२० दिवसांपर्यंतच घेता येतात. १० लाखांहून जास्त लोकसंख्येच्या इलाख्यात एका व्यक्तीकडून एका निवडणुकीसाठी जास्तीत जास्त ५,००० डॉलर. एकाच लॉ फर्ममधल्या लोकांची बेरीज त्याच्या सहापटीवर गेली की पुढे प्रत्येकाकडून ५० डॉलरच. ही मर्यादा का, हे उघड आहे: देणगी देणारे बहुतेक वकीलच, आणि उद्या तेच समोर उभे. स्वतःच्या मालमत्तेचं विवरणपत्रही याच कमिशनकडे जातं. प्रचारात ‘अमुक खटल्यात असा निकाल देईन’ असं वचन देता येत नाही, हे न्यायाधीशांच्या आचारसंहितेत आहे.

निवडून आल्यावर

मतदानात न्यायमूर्तीच्या नावाआधी लोक पक्ष बघतात, यात काही गुपित नाही. २०१८ मध्ये ह्यूस्टन, डॅलस, ऑस्टिन, सॅन अँटोनिओला रिपब्लिकन न्यायमूर्ती घाऊक पडले. त्यांचे निकाल चांगले की वाईट हे कुणी विचारलं नाही. एका खुणेत सगळ्या पक्षाला मत द्यायची सोय २०२० पासून बंद झाली, तरी २०२४ मध्ये ह्यूस्टन, डॅलस आणि सॅन अँटोनिओत लाट उलट फिरली आणि डेमोक्रॅट न्यायमूर्ती तसेच घरी गेले. चांगली चालणारी वकिली सोडून या पदावर जाणाऱ्याने हे आधी घरात बोलून घ्यावं.

दुसरी वाट गव्हर्नरांच्या नेमणुकीची. मुदतीच्या मध्येच जागा रिकामी झाली तर गव्हर्नर नेमतात, राज्याचं सिनेट मान्यता देतं, आणि तो न्यायमूर्ती पुढच्या सार्वत्रिक निवडणुकीपर्यंत राहतो. तिथे सह्या लागत नाहीत, पण गव्हर्नरांच्या नेमणूक विभागाकडे स्वतंत्र अर्ज लागतो. नंतर जागा टिकवायची तर वरचं सगळं करावंच लागतं.

निवृत्तीचं वय ७५. ते ७९ करायचा प्रस्ताव नोव्हेंबर २०२३ मध्ये मतदारांसमोर होता. त्या दिवशीच्या १४ प्रस्तावांपैकी तो एकटाच पडला. सहा वर्षांच्या मुदतीच्या पहिल्या चार वर्षांत पंच्याहत्तरी आली तर चौथ्या वर्षाच्या ३१ डिसेंबरला खुर्ची सोडायची, नंतर आली तर मुदत पुरी करायची.

१ जानेवारीला पद सुरू होतं. शपथेआधी आणखी एक कागद असतो: ‘निवडून येण्यासाठी मी कुणाला पैसे, वस्तू किंवा नोकरीचं आमिष दिलेलं नाही.’ त्यावर आधी सही, मग शपथ. आणि सहाव्या वर्षाच्या आदल्या नोव्हेंबरात पुन्हा तोच अर्ज, तेच २,५०० डॉलर, आणि कोऱ्या पानांवर नव्या २५० सह्या.