‘तिथे असणं’ मोजायचं कसं?

नवा व्हीआर (आभासी जग दाखवणारा) हेडसेट बाजारात आला की जाहिरात ठरलेली: ‘जणू तुम्ही तिथेच!’ हे ‘जणू’ नेमकं किती, ते मात्र कोणी सांगत नाही.

सर्वांत सोपी रीत म्हणजे सरळ विचारणं. १९९०च्या दशकात त्यासाठी प्रश्नावल्या आल्या: ‘आपण त्याच जागी आहोत असं कितपत वाटलं? १ ते ७ पैकी आकडा द्या.’ पुढे २००० साली व्हीआरचे संशोधक मेल स्लेटर आणि सहकाऱ्यांनी या प्रश्नावल्यांचीच परीक्षा घेतली. काही जणांना खऱ्याखुऱ्या ऑफिसात एक खोकं शोधायला लावलं, काहींना तसल्याच आभासी ऑफिसात. खऱ्या जागेतल्या मंडळींचे गुण कितीतरी जास्त यायला हवे होते. पण एका नावाजलेल्या प्रश्नावलीत दोन गटांमध्ये लक्षणीय फरकच दिसला नाही!

मग शरीरालाच विचारलं तर? २००२ मध्ये मायकेल मीहान आणि सहकाऱ्यांनी नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठातल्या प्रयोगांचे निष्कर्ष मांडले. हेडसेट घातलेला माणूस आधी एका साध्या आभासी खोलीत फिरतो. दार ओलांडलं की पुढच्या खोलीत मधोमध सुमारे सहा मीटर खोल खड्डा, आणि कडेने अरुंद पट्टी. आपण सपाट जमिनीवर आहोत हे त्याला पक्कं ठाऊक असतं. तरी अनुकंपी चेतासंस्था, म्हणजे धोक्याच्या वेळी शरीराला सज्ज करणारी मज्जायंत्रणा, कामाला लागते. हृदयाचे ठोके वाढतात, घामाच्या ग्रंथी जाग्या होऊन त्वचेची विद्युतवाहकता वाढते, बोटांकडचा रक्तपुरवठा आखडून ती गार पडू लागतात. दोन खोल्यांमधला ठोक्यांचा फरक हेच माप! पट्टीच्या जागी जेमतेम दीड इंच जाडीची खरी फळी ठेवली, की पायाला कड लागते आणि प्रतिक्रिया आणखी तीव्र होते. चित्रांचा वेग सेकंदाला १५ वरून ३० केला, तरी ठोके जास्त वाढतात.

गंमत म्हणजे सेकंदाला १० चित्रं, म्हणजे सर्वांत अडखळतं दृश्य, दाखवल्यावर ठोके अपेक्षेपेक्षा जास्तच निघाले. बहुधा तोल सावरण्याच्या धडपडीमुळे. ठोके का वाढले, हे ठोके सांगत नाहीत. (घामावरून ‘खोटं पकडणाऱ्या’ यंत्रांचं गारूड अजून उतरलेलं नाही, म्हणून हे मुद्दाम सांगतो. त्या यंत्राला खळबळ कळते, खोटेपणा नव्हे.)

शिवाय शांत आभासी बागेत ठोके वाढणार तरी कशाने? त्यासाठी स्लेटर आणि अँथनी स्टीड यांनी प्रश्न उलटा केला. भास तुटून आपण प्रयोगशाळेतच आहोत असं जाणवलं, की तेवढं सांगायचं. परत ‘आत’ गेल्याचं मात्र सांगायचं नाही, कारण सांगायला गेलं की तो भास तिथेच मोडतो. नुसत्या या तुटण्यांच्या नोंदींवरून, मार्कोव्ह साखळीचं गणित (एका अवस्थेतून दुसरीत जाण्याच्या शक्यतांचा हिशेब) वापरून, तो माणूस किती वेळ ‘तिथे’ होता याचा अंदाज काढता येतो.