कर्करोगाचे उशिरा झालेले निदान आणि वैद्यकीय निष्काळजीपणा

कर्करोग उशिरा कळला, एवढ्यावरून डॉक्टरने निष्काळजीपणा केला असे भारतीय कायदा मानत नाही. लक्षणे समोर असताना सर्वसाधारण कौशल्याच्या सावध डॉक्टरने जी तपासणी केली असती ती केली नाही, करायला सांगितली नाही किंवा आलेला रिपोर्ट पाहिलाच नाही, आणि त्यामुळे रुग्णाचे नुकसान झाले, हे सिद्ध झाले तरच तो उशीर निष्काळजीपणात मोडतो. ‘आधी कळलं असतं तर वाचला असता का?’ हा घरच्यांचा प्रश्न असतो. कायद्याचा प्रश्न त्याहून अरुंद आहे: कोणते महिने कोणाच्या हातात गेले?

मराठवाड्यात ते महिने अनेक हातांतून जातात. गुटखा खाणाऱ्याच्या गालात आतून चट्टा पडतो, तिखट लागते, हळूहळू तोंड दोन बोटांएवढेही उघडेनासे होते. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी असूनही हे रुग्ण कमी झालेले दिसत नाहीत. माणूस आधी मेडिकलवरून मलम आणतो, पेरणी उरकेपर्यंत थांबतो, मग गावातल्या दवाखान्यात जातो. तिथे पहिल्या खेपेला बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्या आणि लावायला जेल मिळाले, तर त्यात दोष काढता येत नाही. तोंडातले बहुतेक फोड साधेच असतात. पण दोन-तीन आठवड्यांत न भरणाऱ्या जखमेचा तुकडा तपासायला पाठवावा, हे वैद्यकशास्त्रात सर्वमान्य आहे. तोच रुग्ण दीड-दोन महिन्यांत तिसऱ्यांदा आला आणि केस पेपरवर पुन्हा त्याच गोळ्या, तेच जेल लिहिले गेले, तर ती तिसरी चिठ्ठी डॉक्टरविरुद्धचा पुरावा ठरू शकते. त्याच चिठ्ठीवर ‘तुकडा तपासणीचा सल्ला दिला, रुग्ण तयार नाही’ अशी एक ओळ असेल, तर जबाबदारीचा मोठा भाग रुग्णाकडे सरकतो.

फुप्फुसाच्या कर्करोगात गफलत होते ती क्षयाशी. खोकला, ताप, वजन घटणे आणि एक्स-रेवर डाग, ही लक्षणे दोन्ही आजारांत सारखीच. क्षय जिथे घरोघरी माहीत आहे तिथे आधी टीबीची शंका घेणे रास्तच. पण थुंकीत जंतू सापडलेले नसताना सुरू केलेल्या गोळ्यांना दोन महिने होऊनही वजन उतरत असेल, थुंकीतून रक्त पडत असेल, आणि तरीही सीटी स्कॅन न सांगता ‘कोर्स पूर्ण करा’ एवढेच सांगितले जात असेल, तर तिथे निष्काळजीपणाचा प्रश्न सुरू होतो. पाळी जाऊन वर्षे झाल्यावर पुन्हा अंगावरून गेले आणि आतून तपासणी न करता रक्तस्राव थांबवायच्या गोळ्या दिल्या गेल्या, तर तेही याच प्रकारात येते.

डॉक्टरच्या वागण्याचे माप १९५७ च्या ‘बोलम’ या इंग्लंडमधील खटल्यातून आले. त्या क्षेत्रातील जबाबदार जाणकारांना मान्य असलेल्या पद्धतीने डॉक्टर वागला असेल, तर दुसऱ्या डॉक्टरचे मत वेगळे आहे म्हणून तो दोषी ठरत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये जेकब मॅथ्यू प्रकरणात हेच माप स्वीकारले आणि फौजदारी गुन्ह्यासाठी निष्काळजीपणा ढोबळ, अतिशय गंभीर असला पाहिजे असे बजावले. उशिरा निदानाची प्रकरणे त्या पायरीपर्यंत क्वचितच पोचतात. ती मुख्यतः भरपाईचीच असतात. २०१० मध्ये त्याच न्यायालयाने हैदराबादच्या एका प्रकरणात मलेरियाच्या रुग्णावर टायफॉइडचे उपचार झाल्याबद्दल रुग्णालयाला जबाबदार धरले आणि प्रत्येक तक्रारीत तज्ज्ञ डॉक्टरची साक्ष हवीच असे नाही, हेही स्पष्ट केले. जिल्ह्याच्या गावात एका डॉक्टरविरुद्ध दुसरा डॉक्टर सहसा बोलत नाही. तिथे या निकालाचे मोल फार मोठे आहे.

सर्वांत अवघड पायरी कारणसंबंधाची. सहा महिने आधी कळले असते तर काय बदलले असते? इंग्लंडमध्ये एका माणसाच्या काखेतली गाठ चरबीची समजून सोडून दिली गेली आणि नऊ महिन्यांनी तो लसीका ग्रंथींचा कर्करोग निघाला. त्या उशिराने दहा वर्षे जगण्याची शक्यता ४२ टक्क्यांवरून २५ टक्क्यांवर आली, असे मानले गेले. तरीही २००५ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तेव्हाच्या तिथल्या सर्वोच्च न्यायपीठाने, तीन विरुद्ध दोन मतांनी भरपाई नाकारली, कारण मुळातच शक्यता निम्म्याहून कमी होती. हा निकाल भारतातील ग्राहक आयोगांवर बंधनकारक नाही, आणि प्रस्तुत लेखकाला तो न्याय्यही वाटत नाही. शंभरातल्या बेचाळीस वाटांपैकी सतरा बंद होणे हे ज्याच्या घरात घडते, त्याच्यासाठी ते नुकसानच असते.

लवकर निदानाने काय साधते, याचा जगभर मानला जाणारा पुरावा मराठवाड्यातलाच आहे. तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांचा गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी अभ्यास झाला. एकदाच केलेल्या एचपीव्ही तपासणीने (हा कर्करोग घडवणाऱ्या विषाणूची चाचणी) या कर्करोगाचे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले, असे २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत दिसले. मात्र गावात अशी तपासणी कधी पोचलीच नाही, हा व्यवस्थेचा दोष आहे. तो एखाद्या डॉक्टरच्या नावावर टाकता येत नाही.

बीडमध्ये कर्करोगाच्या भीतीची उलटी बाजू दिसली. ऊसतोड करणाऱ्या स्त्रियांना ‘पिशवीचा कॅन्सर होईल’ असे सांगून गर्भाशय काढल्याच्या तक्रारी आल्या आणि २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली शासकीय समिती नेमली गेली. सर्वेक्षणात १३ हजारांहून अधिक ऊसतोड कामगार स्त्रियांची शस्त्रक्रिया झाल्याचे आढळले. जिथे तपासणी हवी तिथे ती न करणे आणि तपासणीवाचून पिशवी काढणे, या दोन्हींत चूक एकच असते: निदान न करताच उपचार.

दाद मागण्याचा नेहमीचा मार्ग जिल्हा ग्राहक आयोगाचा. १९९५ च्या व्ही. पी. शांता निकालाने पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली आली, आणि २०१९ च्या कायद्यामुळे तक्रारदार स्वतः राहतो त्या जिल्ह्यातही तक्रार करता येते. उपचार पुण्यात झाले म्हणून हिंगोलीच्या माणसाला पुण्याला खेटे घालावे लागत नाहीत. सर्वांना मोफत सेवा देणारी सरकारी रुग्णालये या कायद्यात बसत नाहीत, पण ती जबाबदारीतून सुटतही नाहीत. औरंगाबादच्या शासकीय रुग्णालयात १९६३ मध्ये शस्त्रक्रियेवेळी पोटात कापड राहून एका स्त्रीचा मृत्यू झाला होता. त्या दिवाणी दाव्यात १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्य शासनाला जबाबदार धरले. डॉक्टरच्या नोंदणीवर कारवाई करण्याचा अधिकार महाराष्ट्र वैद्यक परिषदेला आहे. तिथे भरपाई मिळत नाही.

ग्राहक आयोगाकडे जाण्याची मुदत दोन वर्षांची. ती चूक घडल्यापासून मोजायची की कळल्यापासून, यावर नाशिकच्या एका प्रकरणात २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विचार केला. शस्त्रक्रियेनंतर नऊ वर्षे दुखणे चालू असूनही रुग्ण त्या डॉक्टरकडे परत गेली नाही, म्हणून पोटात कापडाचा बोळा सापडूनही तक्रार मुदतबाह्य ठरली. दुखणे अंगावर काढायची सवय अशी न्यायालयातही आडवी येते.

बाकी सारे कागदांवर असते, आणि इथले कागद खुंटीला टांगलेल्या कॅरीबॅगमध्ये असतात: घडी पडून फाटलेली चिठ्ठी, एकमेकांना चिकटलेल्या एक्स-रेच्या फिल्म, तारीख पुसट झालेली सोनोग्राफी. घरचे ऊसतोडीला गेले की ती पिशवी सहा महिने तशीच राहते. रुग्णाने मागितल्यापासून ७२ तासांत कागदपत्रे देणे डॉक्टरवर बंधनकारक आहे. भरती झालेल्या रुग्णाच्या नोंदी किमान तीन वर्षे जपाव्या लागतात. तुकडा एकदा तपासला गेला असेल, तर त्याचा मेणात जपलेला भाग (ब्लॉक) आणि काचपट्ट्याही लॅबकडून मागून घ्याव्यात. पहिला रिपोर्ट ‘साधी गाठ’ असा आला असेल, तर तो वाचण्यात चूक झाली की तुकड्यात कर्करोग नव्हताच, हे दुसरा पॅथॉलॉजिस्ट त्या ब्लॉकवरून वर्षांनंतरही तपासून सांगू शकतो.